उडवलेलं आमंत्रण

दुपारी जेवता जेवता उन्मेषने एक खातं मारलं. मारलं हा त्याचाच शब्द. बाकीचे लोक काढलं म्हणतात, बंद केलं म्हणतात, फार तर उडवलं म्हणतात. उन्मेष मारलं म्हणायचा, आणि म्हणताना त्याच्या दाढा एकमेकींवर आवळल्या जायच्या. उजव्या हाताला वरणभात लागलेला, म्हणून डाव्या अंगठ्याने मारलं. नक्की बंद करायचं का, असं फोनच्या पडद्याने विचारलं. अरे, नक्की म्हणजे काय, विचारतोस काय! अंगठा असा दाबला की नखाखाली पांढरं झालं. मग त्याने ते खातं सगळ्या सर्व्हरांच्या सामायिक ब्लॉक-यादीतही टाकलं, म्हणजे इतरत्रही मुडदा पडावा. घास गिळला, पाणी प्यायला आणि दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. एक खातं मारलं की त्याला भूक लागायची, हे मात्र त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

शंकेला जागाच नव्हती. खात्याला फोटो नाही. नाव म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची खिचडी. जन्म आज सकाळचा, आणि तोही परदेशातल्या त्या मोकाट सर्व्हरवरचा, जिथे कुणीही यावं आणि खातं उघडावं. गेला महिनाभर सगळी घाण तिथूनच येत होती. एकच मजकूर, एकेकीला स्वतंत्र पाठवलेला, खाली एक दुवा. आणि मजकूर काय, तर आज संध्याकाळी पाच वाजता हळदीकुंकवाला नक्की या, सगळ्या या. एप्रिल महिन्यात हळदीकुंकू! उन्मेष तोंडात घास असताना हसला होता. जानेवारीत संक्रांतीच्या वेळी कलकत्त्याच्या मराठी मंडळातल्या बायकांनी तिळगुळाचे, वाणाचे ढीगभर फोटो टाकले होते, तिथलाच मजकूर कुठल्याशा यंत्राने उचलला आणि आता उन्हाळ्यात ओकला. मूर्ख यंत्र. वर प्रभाकररावांची तक्रारही येऊन पडली होती, ‘खोटं खातं आहे. ताबडतोब उडवा.’ प्रभाकर सबनीस म्हणजे बँकेतले मोठे अधिकारी, नागपूरहून बदलून आलेले, मंडळाचे कार्यवाह आणि ‘खंदक’ या मंडळींच्या सर्व्हरवरचा दुसरा पहारेकरी; खातं मारायचा अधिकार मात्र एकट्या उन्मेषचा. त्यांनी सांगितल्यावर उरलेल्या ओळी वाचायच्या कशाला? उन्मेषने त्या वाचल्या नाहीत.

‘खंदक’ हे नाव उन्मेषनेच ठेवलं होतं. मराठ्यांना अडवायला कंपनीच्या काळात कलकत्तेकरांनी जो खंदक खणला तो इथूनच, बागबाजारातून सुरू व्हायचा. तेव्हा इथल्या मराठी माणसांच्या सर्व्हरला दुसरं नाव शोभणार कुठलं? मोठ्या कंपन्यांच्या सोशल मीडियाच्या चव्हाट्यावर भांडणं आणि जाहिराती फार झाल्या, म्हणून त्याने हे छोटं गाव वसवलं. अशी हजारो गावं एकमेकांना जोडलेली, मालक कुणी नाही, मुख्य कचेरी नाही. ज्याने त्याने आपली वेस सांभाळायची आणि दुसऱ्याच्या पहारेकऱ्यावर भरवसा ठेवायचा. एकाने एखाद्याला चोर म्हटलं की बाकीचे दार लावून घेतात, चौकशी करत बसत नाहीत. ही व्यवस्था उन्मेषला फार आवडायची. आपल्या एका अंगठ्याने जर्मनीतलं, जपानातलं दार धाडकन बंद होतं, ही गोष्ट विम्याच्या कचेरीत दिवसभर दुसऱ्यांच्या चुका तपासणाऱ्या माणसाला केवढी वाटत असेल! आधी तो खरंच सगळं वाचायचा. मग रामनवमीच्या शुभेच्छांखाली नागड्या बायकांचे फोटो यायला लागले, मेलेल्या पोरांचे फोटो लावून मदतीच्या हाका यायला लागल्या, एक मारलं की चार उगवायची, आणि वाचणं सुटलं. पहिली ओळ बघायची आणि हाणायचं. हळूहळू त्याला त्या खात्यांना चेहरे दिसायला लागले, आणि अंगठा दाबताना तो त्या चेहऱ्यांचं नाक फोडायचा, बोटं डोळ्यांत घालायचा, डोकं धरून फरशीवर आपटायचा, आणि कपाळावरचा घाम पुसून शांतपणे चहा करायचा.

हे काही त्याच्यात नवीन नव्हतं. शाळेत असताना मुलं त्याला बोर्गी म्हणायची. बोर्गी म्हणजे मराठे लुटारू; इथल्या आया त्यांची भीती घालून पोरांना झोपवतात. उन्मेषचा जन्म इथला, आजोबांचा जन्म इथला, बंगाली तो त्यांच्यापेक्षा चांगली बोलायचा, तरी मधल्या सुट्टीत सगळे ओरडायचे, बोर्गी आला रे, लपा! एक दिवस त्याने त्यातल्या सगळ्यात बारक्या पोराला धरलं. सगळ्यात मोठ्याला नाही, हेही त्याला चांगलं आठवतं. त्याचं तोंड पाण्याच्या नळावर आपटलं आणि पुन्हा आपटलं, आणि हातात त्या पोराच्या केसांचं ओलं तेल आणि नळावरून खाली जाणारं गुलाबी पाणी. शरम नंतर आली. त्या क्षणी जे वाटलं होतं ते इतकं गोड होतं की त्याला नावच नव्हतं. हेडमास्तरांनी बापाला बोलावलं आणि पुढचं पुढे झालं.

सरोजकाकूंचा फोन आला तेव्हा तो हात धुऊन आडवा झाला होता. पंखा गरम हवा ढवळत होता. सरोजकाकू बेहाल्यात राहायच्या, मंडळातल्या सगळ्यात जुन्या, उन्मेषच्या आईची मैत्रीण. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता.

“उन्मेष, अरे, विनीताचं आमंत्रण होतं ना सकाळी, ते आता दिसेना झालंय. मी चष्मा पुसून पुसून बघतेय.”

“कुठली विनीता?”

“कुठली म्हणजे? सबनिसांची! तिच्याकडे हळदीकुंकू आहे ना आज, डमडमला. पत्ता दिला होता, नकाशा पण दिला होता. नाव काहीतरी विचित्र होतं, मला वाटलं नवीन फोन घेतला असेल.”

उन्मेष उठून बसला. “काकू, ते खोटं होतं. एप्रिलमध्ये कसलं हळदीकुंकू? ते संक्रांतीला असतं.”

पलीकडे काकूंनी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

“कर्म माझं! अरे, चैत्र चालू आहे. चैत्रगौर नाही का बसवत? आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. महिनाभर चालतं हे घराघरातून.” मग आवाज खाली आला. “तुला कोण सांगणार म्हणा. तुझी आई किती हौसेने करायची.”

“पण प्रभाकररावांनीच सांगितलं खोटं आहे म्हणून.”

“मलाही तेच म्हणाले. मी तिला फोन लावला तर बंद, म्हणून त्यांना लावला. छे हो काकू, म्हणाले, आमच्याकडे काही नाही, कुणीतरी चावटपणा केलाय. कुठल्यातरी शहाणीने त्यांनाच विचारलं असणार, येताना काय आणू म्हणून. त्यांना कळायलाच नको होतं रे!” आता काकूंना धाप लागली होती. “ऐक. पाडव्याला तिच्या मनगटावर हा एवढा डाग होता. कढई लागली म्हणाली. मग मोरीत माझ्याजवळ रडली. म्हणाली, काकू, हे दोन दोन दिवस आधी सांगून मारतात. शनिवारी बघतो तुझ्याकडे, असं. आणि घरात चार माणसं असली की इतके गोड वागतात की मलाच खोटं वाटतं. आज शनिवार आहे, उन्मेष. तिला घर भरून हवं होतं. म्हणून बोलावलं तिने सगळ्यांना. तिचं खातं नवरा वाचतो, शेजारणीच्या फोनवरून केलं असेल बिचारीने.”

“तुम्हाला हे माहीत होतं?”

“माहीत होतं. मी काय केलं ते नको विचारूस. मी निघतेय, पण बेहाल्याहून पोचायला मला संध्याकाळ होईल. तू बागबाजारात आहेस, घरही बघितलंयस. तू जा.”

“मी? हळदीकुंकवाला?”

“मेल्या, जा म्हणते ना!”

त्याने आधी संगणक उघडला. हे त्याचं त्यालाच नंतर किळसवाणं वाटलं, पण त्याने आधी संगणकच उघडला. शिक्षा मागे घेतली, तर खातं जिवंत झालं, आणि आत काहीच नव्हतं. सर्व्हरवरून पुसलेलं इथल्या सगळ्यांच्या फोनमधूनही पुसलं जातं, त्याने स्वतःच लोकांना हे अभिमानाने समजावून सांगितलेलं. सामायिक यादीतून नाव काढलं, पण तोवर कितीतरी गावांनी ते उचललं होतं. कुणाला सांगणार, कुठे कुठे सांगणार, आणि सांगून ते उठणार कधी? मग त्याने ‘खंदक’वर सगळ्यांसाठी लिहायला घेतलं, विनीतावहिनींचं आमंत्रण खरं होतं, जमेल त्या सगळ्यांनी— आणि थांबला. हे प्रभाकरराव वाचणार. सगळ्यांच्या आधी तेच वाचणार. लोक बस पकडतील, मेट्रो पकडतील, रिक्षावाल्याशी भांडतील, आणि प्रभाकररावांना बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायला कितीसा वेळ लागतो? त्याने अक्षरं पुसली. आणखी एक कारण होतं. लिहिलं असतं तर खालच्या ओळीत आपण ते मारलं हेही लिहावं लागलं असतं. ते कारण त्याने चपला घालता घालता बाजूला सारलं.

श्यामबाजारला मेट्रो मिळाली. डमडम काय, मधे एक बेलगाछिया की आलंच. पण त्या थंडगार डब्यात त्याच्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते आणि समोरच्या काचेत त्याचं तोंड हलत होतं. सगळ्या या. सगळ्या या. ही ओळ वाचून त्याला हसू आलं होतं! ही ओळ तर त्याची स्वतःची होती. बाप, सदाशिवराव, कॉलेजात गणित शिकवायचे, गावभर मान, आणि मारायचे ते खिडक्या लावून, रेडिओ मोठा करून, पट्ट्याचं बकल हातात नीट गुंडाळून, जेणेकरून टोक मोकळं राहावं. चिडून नाही. गणित सोडवावं तसे मारायचे. पण घरात कुणी असलं की नाही, कधीच नाही. हे कळल्यापासून उन्मेष शाळेतून येताना पोरं गोळा करून आणायचा. ज्यांनी बोर्गी म्हणावं त्यांनाच हाताला धरून, चल ना रे, कॅरम खेळू, मुरमुरे खाऊ, आणखी एकच डाव, जाऊ नको ना. एकेक जण उठायचा तसा तो त्याची बाही धरायचा. शेवटचा पोरगा पायात चप्पल सरकवायचा तेव्हा बाप प्रेमाने म्हणायचे, पुन्हा ये हो. आणि दार लावून घ्यायचे. असा आपण, आणि आपल्याला ही हाक ओळखू आली नाही! दुसऱ्या कुणाला नसती आली तरी चाललं असतं. आपल्याला यायला हवी होती, एका ओळीत यायला हवी होती. त्याने गालाचं आतलं मांस चावलं. तोंडात रक्ताची खारट चव आली, तीही गिळली.

स्टेशनबाहेर नागेरबाजारच्या ऑटोत तो ड्रायव्हरच्या बाजूला अर्धा बाहेर लटकून बसला. ऊन अजून डोळ्यांत घुसत होतं. शेजारी बसलेल्या माणसाच्या हातातली जिवंत माशांची पिशवी त्याच्या मांडीवर धडपडत होती, आतल्या माशांचे फटके कापडातून लागत होते. त्याला वाटलं, आपण उगाच घाबरतोय. काकू म्हाताऱ्या, त्यांना काहीही वाटतं. प्रभाकररावांनी गणपतीत अथर्वशीर्ष म्हटलं होतं, केवढा स्वच्छ आवाज! दार उघडेल, वहिनी म्हणतील, अय्या, तुम्ही? आणि आपण ओशाळून परत येऊ. असं ओशाळायला मिळालं तर काय हवं होतं!

तिसऱ्या मजल्यावर सबनीस अशी पितळी पाटी होती. आत टीव्ही मोठ्याने चालू होता. आवाज कशासाठी मोठा करतात ते त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याने बेल दाबली आणि दाबूनच धरली. टीव्ही बंद झाला. नळ सुटला, थांबला. मग दार उघडलं. प्रभाकररावांनी नुकतंच तोंड धुतलं होतं, शर्ट इस्त्रीचा, साबणाचा वास.

“अरे, उन्मेषराव! इकडे कुठे वाट चुकलात?”

“हळदीकुंकू होतं ना,” उन्मेष म्हणाला. आवाज भलताच बारीक निघाला.

प्रभाकरराव मोकळेपणाने हसले. “छे हो! तो खोटारडेपणा. तुम्हीच तर उडवलंत. बरं झालं आठवण झाली, तुमचे आभार मानायचेच होते. काय तत्परता! मी तक्रार टाकली आणि चहा संपायच्या आत तुम्ही काम तमाम केलंत. मी हिला दाखवलंसुद्धा. म्हटलं बघ, आता कोण येतंय ते.”

त्यांच्या खांद्यावरून आतलं दिसत होतं. भिंतीशी पाटावर लाकडी पाळण्यात पितळेची गौर, तिच्यापुढे आरास, कापलेल्या कैऱ्या, फुलांची रांगोळी. सतरंजी अंथरलेली, खूप माणसांसाठी अंथरलेली. तिच्यावर भिजवलेले हरभरे इकडे तिकडे उधळलेले, पन्ह्याचं काचेचं भांडं फुटलेलं, पिवळ्या ओघळात काचा. आणि जिथे सतरंजी संपते तिथे एक पाऊल, जोडवी घातलेलं, टाचेखाली लाल. विनीता भिंतीला टेकून बसली होती. नेसूची पैठणी, केसात गजरा. तोंडावर तिने टॉवेल दाबून धरला होता आणि त्या टॉवेलचा पांढरा रंग तिच्या हनुवटीकडून संपत आला होता.

“जरा पाय घसरला हिचा,” प्रभाकरराव म्हणाले. “या ना, बसा. पन्हं तर सांडलं, पण डाळ आहे.”

उन्मेषने त्यांच्या तोंडावर मारलं. विचार करून नाही, आणि अगदीच न करताही नाही. पहिला फटका कानावर गेला, तो दुखला त्याचा त्यालाच. दुसरा नाकावर बसला आणि बोटांखाली काहीतरी ओलं, कुरकुरीत मोडलं. मोडलं! पडद्यावरच्या चेहऱ्यांचं काहीच मोडायचं नाही, नुसता लाल चौकोन जायचा. इथे हाताला वजन लागत होतं, गरम लागत होतं. प्रभाकरराव सतरंजीवर पडले, हरभऱ्यांवरून घसरले, आणि उन्मेष त्यांच्या छातीवर गुडघा रोवून बसला, मारत राहिला. हा वहिनींसाठी. हा त्या गोड बोलण्यासाठी. पण तिसऱ्या-चौथ्या फटक्यानंतर कारणं संपली आणि हात चालूच राहिला. ते आभाराचं वाक्य होतं, ते ठेचायचं होतं, पार भुगा होईतो ठेचायचं होतं, आणि त्याखाली खिडक्या लावणारे ते शांत हात होते, आणि त्याहीखाली काहीच नव्हतं, नुसती चव होती, जुनी, गोड. त्याने प्रभाकररावांचे केस मुठीत धरले आणि डोकं फरशीवर आपटलं. माणूस मऊ होता. उलटा हात त्याने उचललाच नाही. नुसता ओरडत होता, बंगालीत, बाँचाओ, के आछो, वाचवा, कुणी आहे का, बाँचाओ! आणि विनीता टॉवेलमधून ओरडत होती, सुरुवातीपासून ओरडत होती, ते त्याला आत्ता ऐकू आलं.

मग घर भरलं. समोरच्या दारातले आले, वरचे आले, खालचे जिन्यावरून धावत आले. लुंगीतले काका, पिठाच्या हातांची एक बाई, क्लासची बॅग पाठीवर तशीच असलेली एक मुलगी. दोघांनी उन्मेषला काखेत धरून मागे ओढलं आणि दाराशेजारी भिंतीला दाबून धरलं. चपलांखाली हरभरे चिरडत होते. सतरंजीवर माणसंच माणसं झाली. प्रभाकरराव कोपऱ्यात बसते झाले, नाकाला हात लावून रक्त बघत, सगळ्यांना सांगत, ओळखीचा आहे हो, डोकं फिरलंय, घरात शिरून मारलं मला, बायकोलाही मारलं, बघा तिचं तोंड बघा. लोकांनी विनीताचं तोंड बघितलं आणि उन्मेषकडे बघितलं. त्याच्या शर्टावर रक्त होतं. कुणीतरी पोलिसांना फोन लावत होतं.

“मी नाही,” उन्मेष मराठीत म्हणाला, आणि मग बंगालीत. कुणी ऐकलं नाही. फक्त ती पिठाच्या हातांची बाई सरळ विनीताजवळ गेली, खाली वाकली, कानात काही पुटपुटली, तिच्या पायातली काच काढली आणि तिला काखेत हात घालून उभं केलं. पलीकडच्या भिंतीची ती, रोजचं ऐकत असणार. फोन हिचाच असणार. “चलो, आमार घोरे चलो,” ती म्हणाली, माझ्या घरी चल. विनीताने एकदाच वळून कोपऱ्यात बघितलं. प्रभाकररावांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण घरात एवढी माणसं होती, त्यांनी ते मिटलं आणि गोड आवाजात म्हणाले, “जा हो, जरा पडून राहा.” ती निघाली. एक पाऊल लंगडत, टॉवेल तसाच, पदर पन्ह्याने चिकटलेला. दाराकडे यायला एकच बोळकांडीएवढी जागा होती, आणि तिथे उन्मेष उभा होता.

सुटली, त्याला वाटलं. काही का होईना, सुटली. आपण आलो, उशिरा आलो, पण घर भरलं की नाही! त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. ती अगदी जवळ आली तेव्हा त्याला सांगावंसं वाटलं, वहिनी, ते आमंत्रण मी मारलं, मी वाचलं नाही, माफ करा. आणि सांगताना कुणी थांबवू नये म्हणून धरलेल्यांच्या पकडीतून त्याने उजवा हात सोडवून पुढे केला.

विनीताने कोपर तोंडाआड घेतलं. डोळे मिटले, मान खांद्यात ओढली, अंग भिंतीत घातलं.

“नका मारू,” ती म्हणाली. “येते मी, नका मारू.”

शेजारीण दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. उन्मेषचा हात वर तसाच होता. तो खाली घ्यायचा हे त्याला सुचलं नाही, आणि तो खाली येईपर्यंत विनीता हलली नाही. शेवटी लुंगीतल्या काकांनी त्याचं मनगट धरून खाली दाबलं, तेव्हा ती भिंतीला घासत, त्याच्यापासून जेवढं लांब होता येईल तेवढं होत दाराबाहेर गेली.